घरी बघायला ‘संत तुकाराम’ की ‘कोर्ट’?

कोथरूडच्या मावसबहिणीला प्रश्न पडलाय: रविवारी सगळे घरी आहेत, तर ‘संत तुकाराम’ (१९३६) लावू की ‘कोर्ट’ (२०१४)? दोन्ही व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजलेले, त्यामुळे पुरस्कार बघून काही ठरणार नाही.

आवाज: ‘तुकाराम’ आपल्या पुण्यातलाच, प्रभात फिल्म कंपनीचा. पण ध्वनी जुना आणि खरखरीत, म्हणून मोबाइलवर नको, टीव्हीला चांगला स्पीकर जोड. ‘कोर्ट’ ऐकायला स्वच्छ, मात्र त्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशी सरमिसळ आहे. आजीला सबटायटल वाचायचा कंटाळा येईल.

संयम: इथे नवा सिनेमाच जास्त मागतो. कॅमेरा जवळपास हलतच नाही. सरकारी वकीलबाई लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, तेही निवांत दिसत राहतं. मला तोच भाग सर्वांत आवडतो. खटल्यातला माणूस आणि त्याच्याविरुद्ध बोलणारी बाई, दोघं आपल्यातलीच वाटायला लागतात. ‘तुकाराम’मध्ये तुकारामांची बायको जिजाई (अभिनेत्री गौरी) चप्पल घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, तेव्हा पोरंही फोन खाली ठेवतात.

आजी आणि मुलं सोबत असतील तर ‘तुकाराम’च लाव. जेवणानंतर मध्यरात्रीपर्यंत वाद घालणारे मित्र येणार असतील, तर ‘कोर्ट’.