गोजू, शोरिन की उएची: ओकिनावाचं कराटे निवडताना

चाळिशीच्या आसपासचं कुणी कराटे सुरू करायचं म्हणालं की मी दोन प्रश्न विचारतो. घरात सलग मोकळी जागा किती आहे? आणि परक्या माणसाचा घामेजलेला हात आपल्या हाताला लागलेला चालतो का? समोरचा हसतो, कारण त्याला सगळ्यात भारी स्टाइल कुठली एवढंच ऐकायचं असतं. मी अकरा वर्षं गोजू-र्यू करतोय (र्यू म्हणजे घराणं), त्याआधी दीड वर्ष शोरिन-र्यूच्या वर्गात काढलं, आणि उएची-र्यू फक्त एका शिबिरात चार दिवस अंगाला लावून घेतलं. माझा कल कुठे आहे ते यावरून कळलंच असेल. वाचताना तेवढं वजा करा.

मुलांसाठी पदक हवं असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये चालणारं कराटे बहुतेक मुख्य जपानच्या वळणाचं असतं. ओकिनावातल्या शुरीचे शिक्षक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले, तिथल्या विद्यापीठांतून ते पसरलं, पवित्रे लांब झाले, रांगा लागल्या आणि पुढे स्पर्धा आल्या. त्यात वाईट काही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या काताचं (काता म्हणजे एकट्याने करायचा हालचालींचा ठरलेला क्रम) सुवर्ण ओकिनावाच्याच र्यो कियुनाने घेतलं. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कराटे नव्हतंच, हेही पोराला क्लासला घालताना माहीत असलेलं बरं.

बेटावर जे राहिलं ते वेगळं आहे. ओकिनावा म्हणजे आज जपानच्या दक्षिणेला मोडणारं, जुन्या र्यूक्यू राज्याचं मुख्य बेट. राजधानी शुरी, बंदर नाहा. दोन्ही इतकी जवळ की आज शुरी नाहा शहरातच मोडतं. तरी राजवाड्याभोवतीचं कराटे निराळं, आणि चीनच्या फूचौ बंदराशी व्यापार करणाऱ्या नाहाचं निराळं. एकाच शहरातल्या दोन पेठांच्या तालमींनी आपापले डाव जपावेत, तसंच हे.

गोजू-र्यू नाहाचं. कानर्यो हिगाओन्ना फूचौला जाऊन शिकून आले, आणि त्यांचे शिष्य चोजुन मियागी यांनी या शिक्षणाला नाव दिलं. गो म्हणजे कठोर, जू म्हणजे मृदू. पहिले काही महिने तुम्ही सांचिन हा एकच काता करत राहता. पायाचे अंगठे किंचित आत, मुठी बंद, पोट आवळलेलं, आणि मोजून तीन पावलं. श्वासाचा आवाज पलीकडच्या खोलीत जातो. मध्येच सेन्सेई, म्हणजे आपले गुरुजी, मागून येऊन खांद्यावर, पाठीवर, मांडीवर चापट्या मारून बघतात, कुठे ढिलं पडलंय का. पहिल्यांदा राग येतो. वर्षभराने त्यांनी आपल्याला वगळलं तर वाईट वाटतं. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र हा काता डॉक्टरांना आणि सेन्सेईंना सांगूनच करावा, आणि श्वास मोकळा ठेवावा. बहादुरी दाखवायची ती जागा नाही.

गोजूच्या वर्गाचा कोपरा बघितला की मराठी माणसाला आपल्या तालमीची आठवण येतेच. चिइशी म्हणजे लाकडी दांड्याच्या एका टोकाला दगड किंवा सिमेंटचा गोळा. मुद्गलाचा हा लांबचा भाऊ. निगिरी-गामे म्हणजे जड मातीच्या बरण्या, त्या काठाला फक्त बोटांनी धरून चालायचं. माकीवारा म्हणजे जमिनीत रोवलेली लवचीक फळी, वर गवती दोरीची गुंडाळी, तिच्यावर ठोसे. या सगळ्याला होजो-उंदो म्हणतात, म्हणजे पूरक व्यायाम. 'पूरक' हा शब्द फसवा आहे. बहुतेकांचा अर्धा घाम इथेच जातो. सेइयुंचिन या कातात एकही लाथ नाही, तरी त्यातल्या बैठ्या पवित्र्यांनी दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी हे लक्षात ठेवावं.

गोजूत जोडीने करायचा प्रकार म्हणजे काकिए. दोघांनी मनगटाला मनगट लावायचं आणि ढकलत-ओढत राहायचं, सुटायचं नाही. पाच मिनिटांत कळतं की समोरचा आज ऑफिसातून चिडून आलाय की रात्री झोपला नाही. माझ्या वर्गात एक रिक्षावाले काका आहेत, एक कॉलेजातली मुलगी आहे, एक दंतवैद्य आहेत. यांच्याशी माझी गप्पांची ओळख बेताचीच. मनगटांची ओळख मात्र पक्की आहे. दुसऱ्या प्रश्नाचा रोख हाच होता. परका हात चालत नसेल तर गोजू तुम्हाला सहा महिन्यांत नकोसं होईल.

शोरिन-र्यूला मात्र तुमचं नुसतं अंगण पुरतं, अंगण नसेल तर पॅसेज. हे शुरीचं कराटे. आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ओकिनावाच्या शाळांमध्ये नेलं, मुलांसाठी पिनान नावाचे पाच काता बांधले, आणि १९०८ मध्ये कराटेचे फायदे-नियम दहा कलमांत लिहून शिक्षणखात्यापुढे मांडले. म्हणजे अनोळखी पोरांच्या मोठ्या वर्गाला शिकवता येईल अशी मांडणी या घराण्याने आधीच केलेली होती. पवित्रे उंच आणि नैसर्गिक, श्वास आवाज न करता, जोर कमरेच्या झटक्यातून. गुडघ्यांना तुलनेने सोपं.

आणि नाइहान्ची. हा काता फक्त डावी-उजवीकडे सरकतो, पुढे-मागे नाही. नऊ-दहा फूट भिंत असली की झालं. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसासाठी कराटेत याहून व्यवहारी काही मी पाहिलेलं नाही. बदलीची नोकरी असेल, रात्रपाळी असेल, वर्ग आठवड्यातून एकदाच जमत असेल, तर शोरिन घ्या. माझं स्वतःचं शोरिन सुटलं ते वर्ग लांब पडला म्हणून, कंटाळून नाही. नाइहान्ची अजून करतो, पहाटे, चहा उकळेपर्यंत.

तोटाही तिथेच आहे. एकट्याने करता येतं म्हणून लोक एकट्यानेच करत राहतात. जोडीचे प्रकार शोरिनमध्येही आहेत, पण मी ज्या वर्गात होतो तिथे तासाचा मोठा भाग कातात जायचा, आणि दीड वर्षात निम्म्या जणांची नावंही मला नीट माहीत नव्हती. दुसऱ्या वर्गात उलट अनुभव येऊ शकतो. नावांचा घोळ मात्र ठरलेला. चोशिन चिबाना यांचं शोरिन 'छोटं वन' या अक्षरांनी लिहितात, शोशिन नागामिने यांचं 'पाइनचं वन' असं. उच्चार दोन्हींचा शोरिन. घोळ टाळायला पहिल्याला कोबायाशी आणि दुसऱ्याला मात्सुबायाशी म्हणतात. पाटीवर नुसतं शोरिन असेल तर कुठलं, ते विचारून घ्या. मला स्वतःला सुरुवातीला दोन्हींत फारसा फरक पडला नसता.

उएची-र्यूची गोष्ट मला तिघांत सर्वात जवळची वाटते, जरी ते मी सर्वात कमी केलंय. कानबुन उएची ओकिनावाच्या उत्तरेकडचे शेतकरी घरातले. १८९७ मध्ये ते फूचौला गेले, दहा-बारा वर्षं तिथे शिकले, आणि परत आल्यावर कितीतरी वर्षं कुणालाच शिकवलं नाही. चीनमध्ये त्यांच्या एका शिष्याच्या हातून भांडणात माणूस मेला, म्हणून त्यांनी शिकवणं सोडलं, असं सांगतात. पुढे पोटापाण्यासाठी ते जपानमधल्या वाकायामाला कापडगिरणीत कामाला गेले. तिथे ओकिनावाहून आलेले बरेच मजूर होते, मुख्य जपानमध्ये त्यांना परकं समजलं जायचं. शेजारच्या एका तरुणाने पिच्छा पुरवला, आणि गिरणीकामगारांच्या वस्तीत, आधी बंद दाराआड, वर्ग सुरू झाला. गिरणगावातल्या चाळींमध्ये कोकणातून आलेल्या चाकरमान्यांनी व्यायामशाळा कशा चालवल्या, हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गाव सुटलेल्या माणसांना संध्याकाळी जायला एक जागा हवी होती.

उएचीचा पाया तीन काता: सांचिन, सेसान, सानसेइर्यू. नंतर कानबुन यांचे चिरंजीव कानेइ यांच्या काळात भर पडून आठ झाले. इतर घराण्यांच्या मानाने हे फारच थोडं. गोजूचे बारा, त्यातल्या शेवटच्या सुपारिंपेईच्या नावाचा अर्थच एकशे आठ; जपमाळ आठवते, आणि तो हाताशी यायला वर्षंही तशीच लागतात. उएचीच्या सांचिनमध्ये हात उघडे असतात, ठोसा अनेकदा तर्जनीच्या पेराने, लाथ पायाच्या बोटांच्या टोकाने. ही बोटं तयार होईपर्यंत काय होतं ते मी चार दिवसांत पाहिलं आणि पाचव्या दिवशी लंगडत ऑफिसला गेलो.

जोडीचं काम इथे कोते-किताए. समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या कोपरापुढच्या हातावर हात घासायचे, आपटायचे, ठरलेल्या क्रमाने. निळे डाग पडतात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हे करूच नका. बाकीच्यांसाठी यातली खुबी अशी की जोर तुम्ही नाही, समोरचा ठरवतो. त्याला सोसेल तेवढंच मारायचं. हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं आणि तो खोटं हसत असेल तर तेही ओळखायचं. भिडस्त माणसाला 'आता पुरे' म्हणायला आणि आडदांडाला हात आवरायला शिकवणारा याहून थेट वर्ग मला माहीत नाही. थोडं घेऊन तेच वर्षानुवर्षं घासत बसण्याचा स्वभाव असेल, तर उएची. अडचण एकच: आपल्याकडे ते सापडणं कठीण. माझ्या पाहण्यात तिघांत गोजू सर्वात सहज मिळतं, शोरिन शोधावं लागतं, उएचीसाठी शिबिरांची वाट बघावी लागते.

गोजू सहज मिळतं म्हणालो, पण तिथेही एक वळण आहे. गोगेन यामागुची यांनी मुख्य जपानमध्ये वाढवलेली गोजू-काई ही वेगळी शाखा. पाटीवर दोन्हींना गोजूच लिहिलेलं असू शकतं. ओळखायचं असेल तर कोपऱ्यात चिइशी आणि बरण्या आहेत का बघा, आणि सेन्सेई कुणाकडे शिकले, ते कुणाकडे, असं मागे मागे विचारत जा. चांगले सेन्सेई या प्रश्नाने चिडत नाहीत. उलट तासभर सुटका होत नाही.

पट्ट्यांचं काय, हेही लोक विचारतात. मियागींनी हयातीत कुणाला ब्लॅक बेल्टचा दर्जा दिला नाही असं त्यांच्या परंपरेत सांगतात. आज तिन्ही घराण्यांत पट्टे आहेत, परीक्षाही आहेत. दर तीन महिन्यांनी नवा रंग आणि नवी फी असेल तर मी दुसरा वर्ग बघेन.

ओकिनावात दोजो, म्हणजे सरावाची जागा, बहुतेक सेन्सेईंच्या घराला लागूनच असतो, वीस माणसं मावली तर खूप. तिथे मोआई नावाचा प्रकार आहे. ठरलेली मंडळी दर महिन्याला ठरावीक पैसे जमा करतात, पाळीपाळीने एकेकाला रक्कम मिळते, आणि त्या निमित्ताने जेवण, गप्पा. म्हणजे आपली भिशीच. फरक एवढाच की तिथे ती मंडळी म्हातारपणापर्यंत टिकल्याचं सर्रास आढळतं. पारंपरिक दोजोची माणसं एकमेकांना याच नात्याने धरून असतात. युद्धानंतर याला फार किंमत होती. १९४५ च्या लढाईत बेटावरचा जवळजवळ चारातला एक माणूस मेला. मियागींचे पट्टशिष्य जिनआन शिनझातो त्यातच गेले. मियागींनी पुढे नाहात आपल्या घराच्या अंगणात पुन्हा शिकवायला घेतलं, आणि जे उरले होते ते तिथे येऊ लागले.

इथे तसा वर्ग मिळेल याची खात्री कुणी देणार नाही. पण एक खूण आहे. तास संपल्यावर थांबा आणि फरशी कोण पुसतं ते बघा. सगळ्यात जुने आणि सेन्सेईही फडकं घेऊन वाकत असतील तर तिथे नाव घालायला हरकत नाही. फरशी फक्त नवी पोरं पुसत असतील, किंवा त्यासाठी बाई लावली असेल, तर घराणं कुठलंही असो, तो व्यायामाचा क्लास आहे. तेवढंच हवं असेल तर खुशाल जा.

गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याने हे सगळं ऐकून घेतलं. गुडघा नाजूक, महिन्यातले पंधरा दिवस फिरती, बोलायला तसा संकोची. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्यासाठी शोरिन." त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या मंगळवारी माझ्याच गोजूच्या वर्गात येऊन उभे राहिले. विचारलं तर म्हणाले, "पॅसेजमध्ये एकटा मी रोजच असतो." गुडघ्यासाठी सेन्सेईंनी त्यांना बैठे पवित्रे उंच ठेवायला सांगितलंय. काकिएला ते रिक्षावाल्या काकांसमोर उभे राहतात, आणि दोघंही अजून एक शब्द बोलत नाहीत.

तुम्ही जाणार असाल तर पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅकपँटवर काढा, पोशाख लगेच घेऊ नका. नखं कापून जा. आणि शनिवारी जाऊ नका. बहुतेक ठिकाणी त्या दिवशी मुलांची गर्दी असते आणि मोठ्यांच्या वर्गाचा अंदाज येत नाही.