‘लव्ह सक्स’ : आठ महिने, ठाणे ते दादर

ठाण्याहून दादर, सकाळची स्लो लोकल, अडतीस-चाळीस मिनिटं. कॅनडाची गायिका ॲव्हरिल लव्हीन हिचा ‘लव्ह सक्स’ हा अल्बम जेमतेम ३४ मिनिटांचा, त्यात १२ गाणी. गाडीने ठाणे सोडलं की लावायचा. माटुंग्याच्या आसपास संपतो आणि पर्स सावरत दाराकडे सरकायला वेळ मिळतो. गेले आठ महिने आठवड्यातून तीन-चार दिवस तरी हे चाललंय. माझ्या शेजारच्या काकू भांडुपपर्यंत श्रीसूक्त संपवतात, तोवर माझी तीन गाणी झालेली असतात.

अल्बम आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. तेव्हा एकदा ऐकला आणि सोडून दिला. खरं कारण सांगते : लाज वाटली. सदतीस वर्षांची बाई, तेच काजळ, तेच ‘तू मला सोडलंस ना, मग भोग आता’. मी तिच्याच वयाच्या आसपासची. वाटलं, आपण पीएफ आणि गुडघेदुखीवर बोलायला लागलो, ही अजून तिथेच?

तिची-माझी ओळख २००२ पासूनची. मी अकरावीत होते, ‘लेट गो’ची कॅसेट मैत्रिणीच्या भावाकडून आणली ती परत गेलीच नाही. आमच्या लेखी टाय म्हणजे शाळेतला, इलॅस्टिकचा, सोमवारी प्रार्थनेला बाई तपासायच्या तो. आणि इथे कॅनडातल्या नॅपनी नावाच्या छोट्या गावात वाढलेली सतरा वर्षांची पोरगी ‘कॉम्प्लिकेटेड’च्या व्हिडिओत बनियनवर टाय सैल सोडून मॉलमध्ये धुडगूस घालत होती. त्या टायने जे केलं ते गाण्यांनीही केलं नसेल.

‘पॉप-पंकची राजकन्या’ ही पाटी तिच्या गळ्यात तेव्हाच अडकली. पॉप-पंक म्हणजे पंक रॉकचा वेगवान दणका आणि पॉपच्या गोड चाली. पण आज ‘लेट गो’ नीट ऐकलात तर गंमत कळते. ‘कॉम्प्लिकेटेड’ हे गिटारवरचं गोड पॉप, ‘आय’म विथ यू’ चक्क व्हायोलिनच्या साथीतलं विरहगीत. धावतं, उसळतं असं ठळक गाणं म्हणजे ‘स्केटर बॉय’. शिवाय ही गाणी मुळात कुणाची, तिची की ‘द मॅट्रिक्स’ या निर्मात्या त्रिकुटाची, यावरून तेव्हा वादही झाला. दुसरा अल्बम ‘अंडर माय स्किन’ (२००४) तिने बराचसा शांताल क्रेव्हियाझुक या गायिका-गीतकाराबरोबर बसून लिहिला. तो काळवंडलेला, जड. २००७ चा ‘द बेस्ट डॅम थिंग’ टाळ्या वाजवत नाचायचा; त्यातलं ‘गर्लफ्रेंड’ हे अमेरिकेच्या हॉट १०० यादीत पहिलं आलेलं तिचं एकमेव गाणं. मग २०११ चा हळवा, अकूस्टिक ‘गुडबाय ललबाय’. २०१३ चा तिच्याच नावाचा अल्बम, त्यात भेळेसारखं सगळंच. नंतर लाइम या गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराने तिला अंथरुणाला खिळवलं आणि २०१९ चा ‘हेड अबव्ह वॉटर’ त्या आजारातून वर आला. त्यात पियानो, आर्त सूर, देवाची आळवणी.

म्हणजे सातव्या अल्बमला, ‘लव्ह सक्स’ला, सगळे ‘घरवापसी’ म्हणाले खरे, पण ज्या घरी ती परत आली त्या घरात ती याआधी कधी पूर्णवेळ राहिलीच नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत पॉप-पंक असा तिचा अल्बम हाच. हे मला पहिल्या ऐकण्यात कळलं नव्हतं, पन्नासाव्याला कळलं. आणि मग लाज गेली. पोरवयाची नक्कल नाही ही. पाटी तेव्हा लावली होती, दुकान आता उघडलंय.

दुकान उघडायला माणसंही योग्य मिळाली. अल्बम निघाला ट्रॅव्हिस बार्करच्या ‘डीटीए’ या कंपनीकडून. हा ‘ब्लिंक-१८२’ या पॉप-पंक बँडचा ड्रमर, ‘द बेस्ट डॅम थिंग’मध्येही त्याने वाजवलं होतं. निर्मितीत तो, ‘गोल्डफिंगर’ बँडचा जॉन फेल्डमन आणि गायक मॉड सन. बार्करचा हात ओळखू येतो : कडवं आणि ध्रुवपद यांच्या मधल्या एवढ्याशा फटीत तो स्नेअर ड्रमवर असा काही पाऊस पाडतो की उभ्या उभ्या मान हलते. ‘बाइट मी’मध्ये हे ऐका. ब्लिंकचाच मार्क हॉपस ‘ऑल आय वॉन्टेड’मध्ये गायलाय, दोघांचे आवाज एकमेकांच्या अंगावर न जाता शेजारी बसल्यासारखे वाटतात. रॅपर मशीन गन केलीबरोबरचं ‘बॉइज लाय’ हे सरळ भांडण आहे, ऐकायला मजा येते. ब्लॅकबेअर या गायकाबरोबरचं गाणं मात्र मी दुसऱ्या महिन्यापासून पुढे ढकलते. त्याचा भाग गाण्याला बाहेरून ठिगळ लावल्यासारखा वाटतो.

माझं गाणं ‘ॲव्हलांच’. क्रमाने सातवं, त्यामुळे बहुधा विक्रोळी ते घाटकोपर या पट्ट्यात लागतं. ‘कशी आहेस’ला ‘मजेत’ म्हणणारी, आतून कोसळत असलेली बाई. सुरुवात दबक्या आवाजात, मग सगळं अंगावर. घाटकोपरला मेट्रोवाल्या बायका आत घुसतात, कुणाची तरी कोपरं बरगडीत, ‘सरका हो ताई जरा’, आणि कानात बरोबर तेव्हाच ध्रुवपद फुटतं. हा योग आठ महिन्यांत कितीदा तरी जुळलाय, एकदाही शिळा झाला नाही.

आता तक्रारी. आवाज फार ठासून भरलाय. स्वस्तातल्या इअरफोनवर झांजा नुसत्या चरचरतात. सलग दोनदा ऐकला तर कान थकतात. घरी स्पीकरवर लावला तर नवरा म्हणतो, ‘एकच गाणं किती वेळ?’ तो अगदीच चुकीचा नाही. सातव्यानंतर दोन गाण्यांची नावं मी अजून उलटसुलट करते. एकुलतं संथ गाणं ‘डेअर टु लव्ह मी’ अकराव्या जागी ठेवलंय. ते जरा आधी आलं असतं तर कानांना श्वास घेता आला असता.

आणि शिव्या. पहिलं ‘कॅननबॉल’ शिवी हासडूनच सुरू होतं. एकदा ब्लूटूथ तुटलं आणि ते फोनच्या स्पीकरवरून अख्ख्या लेडीज डब्यात वाजलं. श्रीसूक्तवाल्या काकूंनी डोळे न उघडता पुस्तक जरा छातीशी घेतलं. बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या दिवशी समोरच्या बाकावर बसल्या.

करिअरच्या हिशेबात हा मोठा विक्रमी अल्बम नाही. बिलबोर्डच्या अमेरिकेतल्या अल्बम-यादीत नववा आला. दुसरा आणि तिसरा अल्बम थेट पहिले आले होते. पण वेळ अचूक साधली. २०२१ मध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगो या तरुण अमेरिकन गायिकेच्या गाण्यांनी हा बाज पुन्हा पोरींच्या तोंडी आणला होता, आणि एप्रिल २०२२ मध्ये टोरांटोला त्याच ऑलिव्हियाने ॲव्हरिलला मंचावर बोलावून दोघींनी ‘कॉम्प्लिकेटेड’ गायलं. ऑगस्टमध्ये हॉलिवुडच्या फुटपाथवर, ‘वॉक ऑफ फेम’वर, ॲव्हरिलच्या नावाचा ताराही बसला.

माझी भाची चौदा वर्षांची. ती ऑलिव्हियाकडून इथे पोचली, म्हणजे माझ्या बरोबर उलट्या दिशेने. ‘लव्ह सक्स’ तिला पाठ आहे, शिव्यांसकट (बहिणीला सांगू नका). मे महिन्यात राहायला आली तेव्हा मी मोठ्या कौतुकाने ‘लेट गो’ लावला. तिसऱ्या गाण्यापर्यंत पाय हलत होता. चौथं, ‘आय’म विथ यू’ सुरू झालं तसं तिने कानातलं एक बोंडूक काढून माझ्याकडे पाहिलं.

‘मावशी, हीच का ती? मग इतकी हळू का गातेय?’