आर-क्यूटीएल : उंदरांसाठी घडलेले, जवाला चालणारे साधन

नाशिक जिल्ह्याची ओळख द्राक्षे, कांदा आणि निफाडच्या संशोधन केंद्रातून आलेल्या गव्हाच्या वाणांची आहे. जव इथे क्वचितच दिसतो. तरीही पिकाच्या गुणधर्मांचा जनुकीय नकाशा कसा काढतात, हे कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल तर मी जवच निवडतो. गव्हात तीन जीनोम मिळून गुणसूत्रांच्या 21 जोड्या असतात, जवात अवघ्या 7. शिवाय स्टेप्टो आणि मोरेक्स या दोन वाणांच्या संकराची माहिती विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात 150 डबल्ड हॅप्लॉइड ओळी (प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही प्रती सारख्या असलेले शुद्ध वंश) आणि 223 मार्कर (गुणसूत्रावरील ओळखखुणा) असून उत्पादन, उंची, निसवण्याचा काळ, पीक लोळणे, दाण्यातील प्रथिने, माल्टचा उतारा असे गुणधर्म नोंदलेले आहेत. ही माहिती ज्या साधनावर चालवतो, त्या आर-क्यूटीएल या संगणक-पॅकेजबद्दल हे लिहीत आहे. क्यूटीएल म्हणजे उत्पादन, उंची यांसारख्या मोजता येणाऱ्या गुणधर्मावर परिणाम करणारा गुणसूत्राचा भाग.

कार्ल ब्रोमन, हाओ वू, शौनक सेन आणि गॅरी चर्चिल यांनी ते 2003 मध्ये प्रसिद्ध केले. ते आर या संख्याशास्त्रीय संगणक-भाषेत चालते, त्याला पैसे पडत नाहीत आणि साधा लॅपटॉप पुरतो. खिडक्या आणि बटणे मात्र नाहीत, सर्व काम आज्ञा टंकून करावे लागते. नवशिक्याची पहिली अडचण विश्लेषणात नसून फाइलच्या मांडणीत येते: दुसऱ्या ओळीत मार्करखाली गुणसूत्राचा क्रमांक द्यायचा आणि गुणधर्मांच्या रकान्यांखालील जागा पूर्ण रिकामी ठेवायची, हे न पाळल्यास माहिती आतच घेतली जात नाही.

त्यापुढचे काम उत्तम होते. मार्करमधील अंतरे पुन्हा मोजून पाहता येतात, चुकीच्या जागी बसलेला मार्कर पुनर्संयोजनाच्या (गुणसूत्रांमधील तुकड्यांच्या अदलाबदलीच्या) तक्त्यात चटकन दिसतो, आणि दोन मार्करमधल्या जागेतही जनुकाचा शोध घेता येतो. उत्पादनासाठी शोध चालवला की आलेखात तिसऱ्या गुणसूत्रावर ठळक शिखर (तिथे जनुक असल्याचा पुरावा) उभे राहते आणि तिथे स्टेप्टोकडून आलेला अंश उत्पादन वाढवताना दिसतो. पण शिखर दिसले म्हणजे जनुक सापडले असे होत नाही. उत्पादनाचे आकडे ओळींमध्ये हजार वेळा यदृच्छेने फिरवून, केवळ योगायोगाने किती उंच शिखर येऊ शकते ते पाहायचे आणि त्यावरून उंबरठा ठरवायचा, ही पर्म्युटेशन चाचणी येथे एका आज्ञेत होते. ही पद्धत 1994 मध्ये मांडणाऱ्या दोघांपैकी एक चर्चिलच होते, त्यामुळे ती या साधनात इतकी सहज बसली आहे यात नवल नाही. माझ्या मते केवळ या एका सोयीसाठीसुद्धा हे पॅकेज शिकावे.

उणिवांचे मूळ त्याच्या जन्मात आहे. हे साधन प्रामुख्याने उंदरांवरील संशोधनातून वाढले. सोबत येणाऱ्या नमुना माहितीत उंदरांचा रक्तदाब आणि जंतुसंसर्ग आहे. प्रत्येक उंदीर जनुकीयदृष्ट्या वेगळा आणि एकदाच मोजला जाणारा असतो. जवाची एकच ओळ मात्र अनेक शेतांत, अनेक हंगामांत पेरता येते, आणि स्टेप्टो-मोरेक्सचे उत्पादन तर 16 परिस्थितींत मोजलेले आहे. बांधालगतचा वाफा, पाणी साचलेला कोपरा, पुनरावृत्तीतील फरक यांचा हिशेब आर-क्यूटीएल स्वतः करत नाही. तो आधी वेगळ्या मॉडेलने करून प्रत्येक ओळीचा एक सुधारित आकडा द्यावा लागतो. सोळाही परिस्थितींची थेट सरासरी दिली, तर एका ठिकाणी लाभदायक आणि दुसरीकडे निरुपयोगी ठरणारे जनुक त्या सरासरीत बुजून जाण्याचा धोका असतो, आणि प्रजननकाराला नेमके असेच जनुक हवे असते. म्हणून विद्यार्थ्यांकडून मी प्रत्येक परिस्थितीचा शोध आधी वेगळा करवून घेतो.

दुसरी बाब परिणामाच्या आकाराची आहे. एखादा जनुकभाग गुणधर्मातील किती टक्के फरक स्पष्ट करतो, हा आकडा पॅकेज देते. परंतु शंभर-दीडशे ओळींच्या समूहात तो फुगलेला असतो, हे विल्यम बीव्हिस यांनी नव्वदच्या दशकातच दाखवले होते. पडद्यावर त्याचा इशारा येत नाही. निवडीसाठी मार्कर ठरवणाऱ्याने तो आकडा तसाच अहवालात उतरवू नये.

दोन जनुकांमधील परस्परक्रिया शोधण्याची सोयही आहे, मात्र तिची पर्म्युटेशन चाचणी फार संथ चालते. ती रात्रभर लावून ठेवावी. एकाहून अधिक पालकांच्या गुंतागुंतीच्या समूहांसाठी 2019 मध्ये दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली, पण दोन पालकांच्या जवाला जुनीच पुरेशी आहे. द्राक्षावर काम करणारे विचारतात म्हणून सांगतो: विषमयुग्मी (जोडीतील दोन प्रती वेगळ्या असलेल्या) पालकांच्या संकरासाठी चतुर्मार्गी संकराचा, म्हणजे पालकांच्या चारही प्रती वेगळ्या धरण्याचा, पर्याय यात आहे, पण प्रत्येक पालकाच्या गुणसूत्रांवरील मार्करांची जुळणी (कोणत्या प्रतीवर कोणते रूप आहे ते) आधी ठाऊक असावी लागते, आणि ती काढण्यासाठी वेगळे साधन वापरावे लागेल.