चार डबे, दोन पोर्ट: टीव्हीला सगळं जोडायला स्विच घ्यावा, साउंडबार की रिसीव्हर?

३२ इंची टीव्हीला बहुधा दोनच एचडीएमआय पोर्ट असतात, ४३ इंचीला तीन. जोडायच्या वस्तू मात्र वाढतच जातात. केबलचा नाहीतर डिशचा सेट टॉप बॉक्स, फायर स्टिक, सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर, मुलांचा प्लेस्टेशन, अधूनमधून लॅपटॉप, वर साउंडबार. मग रोज टीव्हीच्या मागे हात घालून एक वायर काढायची आणि दुसरी खुपसायची. या काढ-घालीत पोर्ट सैल होतो. आत १९ बारीक संपर्क असतात आणि पोर्ट थेट मेन बोर्डावर झाळलेला असतो. त्यामुळे दुरुस्ती पोर्टाची राहत नाही, बोर्डाची होते.

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा: कोणता डबा रोज लागतो, तो किती मोठं चित्र देतो, आणि टीव्हीपासून किती लांब आहे. एचडी सेट टॉप बॉक्स, साधा डीव्हीआर आणि जुना डीव्हीडी प्लेयर सहसा १०८० ओळींच्या पलीकडे जात नाहीत. ४के स्टिक ४के ६० फ्रेमपर्यंत (सेकंदाला ६० चित्रं) जाते, तर प्लेस्टेशन ५ ला ४के १२० फ्रेम हवे असतात. हे कळलं की अर्धा निर्णय झालाच. संथ डबे स्विचवर टाकता येतात, वेगवान डबे थेट टीव्हीला लावायचे.

एक गफलत सर्रास होते. स्विच म्हणजे अनेक डबे, एक टीव्ही. स्प्लिटर म्हणजे एक डबा, अनेक टीव्ही. दोन्ही दिसायला सारखेच, त्यामुळे ‘एचडीएमआयचा जोड द्या’ म्हणालात तर हातात काहीही पडू शकतं. खोक्यावर ‘तीन इन, एक आउट’ असं असेल तोच आपल्या कामाचा.

काहीच न घेता भागतं का?

पुष्कळ घरांत भागतं. टीव्ही स्मार्ट असेल आणि त्यातली ॲप्स अडखळत नसतील, तर स्टिक काढून टाका, एक पोर्ट मोकळा झाला. लॅपटॉपवरचं लग्नाचं शूटिंग दाखवायचं असेल तर पेन ड्राइव्ह टीव्हीच्या यूएसबीला लावा, लॅपटॉपची गरज उरत नाही. जुना डीव्हीडी प्लेयर पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीवर चालतो, त्याला एचडीएमआय पोर्ट देण्यात अर्थ नाही.

मात्र बऱ्याच नव्या टीव्हींत त्या तीन रंगांच्या तीन भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच ३.५ मिमीचं भोक असतं आणि त्यासाठी खास वायर लागते. ती टीव्हीबरोबर आलेलीच वापरा. बाजारातल्या अशा वायरींत अर्थिंगची (ग्राउंडची) आणि चित्राची जागा सारखी नसते. चुकीची लावली की चित्र फाटतं, घरघर येते आणि लोक प्लेयर बिघडला असं समजतात.

स्विच: स्वस्त, पण कोणता यावर सगळं अवलंबून

साधा तीन पोर्टांचा स्विच चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. त्याला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसतो, तो जोडलेल्या डब्यातूनच वीज ओढतो. एचडीएमआयच्या १८व्या पिनवर ५ व्होल्ट असतात, पण डब्यानं तिथून किमान ५५ मिलीअँपिअर द्यावेत एवढंच बंधन आहे. सेट टॉप बॉक्सवर असा स्विच चालून जातो. स्टिक लावली किंवा वायर लांब झाली की चित्र मध्येच काळं होतं. ‘कधी चालतो, कधी नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच कारण असतं.

म्हणून अ‍ॅडॉप्टरवाला किंवा निदान ५ व्होल्टची यूएसबी वायर लावता येणारा स्विच घ्या. तो हजार-दोन हजारांच्या घरात बसतो. यूएसबीवाल्याला ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना मोबाइल चार्जर पुरतो. खोक्यावर दोन गोष्टी बघा. पहिली, १८ जीबीपीएस (सेकंदाला किती माहिती पुढे जाते त्याचा आकडा) किंवा ‘४के ६०’. नुसतं ‘४के’ लिहिलेलं असेल तर तो १०.२ जीबीपीएसचा, म्हणजे ४के ३० फ्रेमवाला निघू शकतो. दुसरी, एचडीसीपी २.२. ही कॉपी रोखणारी कुलूप-पद्धत आहे. ती स्विचमध्ये नसेल तर बाकी सगळं दिसतं, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपमधला ४के सिनेमा लावला की पडदा काळा होतो किंवा चित्र खालच्या दर्जावर उतरतं.

आपोआप बदलणारा स्विच ऐकायला छान वाटतो, घरात मात्र डोकं खातो. नवा सिग्नल आला की तिकडे उडी मारायची, हा त्याचा नियम. सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद केला तरी खरा बंद होत नाही, स्टिकही सतत जागी असते. त्यामुळे मालिका चालू असताना तो मध्येच दुसरीकडे जातो किंवा हवा तिकडे जातच नाही. बटण आणि छोटा रिमोट असलेला, आपोआप बदल बंद करता येणारा स्विच घरातल्या आजी-आजोबांनाही जमतो: एक म्हणजे केबल, दोन म्हणजे कॅमेरे.

स्विचमुळे एक सोय कमी होते, तीही आधीच माहीत असलेली बरी. टीव्हीच्या एकाच रिमोटनं सगळे डबे चालवण्याची सीईसी नावाची सोय असते. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. बरेच स्विच ती पुढे जाऊ देत नाहीत.

साउंडबार: आधी बेरीज-वजाबाकी करा

‘साउंडबारला एचडीएमआय आहे’ एवढ्यावर जाऊ नका. स्वस्त साउंडबारला एकच पोर्ट असतो आणि त्यावर एआरसी लिहिलेलं असतं. तो टीव्हीकडून आवाज घेण्यासाठी आहे, त्यात डबा लावता येत नाही. एआरसीशिवाय आणखी एक ‘इन’ असेल तर हिशेब असा: साउंडबारनं टीव्हीचा एक पोर्ट खाल्ला, एक परत दिला, हाती शून्य. दोन ‘इन’ असतील तरच एका डब्याची जागा खरोखर वाढते. शिवाय साउंडबारमधून पुढे जाणारं चित्र अनेक मॉडेलांत ४के ६० वर थांबतं, म्हणजे प्लेस्टेशन ५ त्यातून नेऊन उपयोग नाही.

आमचं मत स्पष्ट आहे: साउंडबार आवाजासाठी घ्या, पोर्ट वाढवण्यासाठी नको. स्विचही लावणार असाल तर एक नियम कधी मोडू नका. टीव्हीच्या ज्या पोर्टावर एआरसी किंवा ईएआरसी (त्याचीच नवी आवृत्ती) लिहिलंय तिथे फक्त साउंडबार. स्विच दुसऱ्या पोर्टावर. एआरसीत आवाज टीव्हीकडून उलट दिशेनं येतो आणि मध्ये साधा स्विच आला की तो तिथेच अडतो.

एव्ही रिसीव्हर

हा डब्यांचं चित्र टीव्हीला आणि आवाज स्पीकरांना देणारा ॲम्प्लिफायर: चार-सहा डबे आत, एक वायर टीव्हीला, पाच-सहा स्पीकर भोवताली. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात नीटनेटकी मांडणी हीच. किंमत पाच आकडी, स्पीकर वेगळे, आणि साध्या बातम्या बघायच्या तरी अनेकदा तो चालू ठेवावा लागतो. गरम होतो, त्यामुळे टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका, वर दहा सेंटीमीटर तरी मोकळी जागा सोडा. पाच स्पीकरांच्या वायरी भिंतीतून न्यायची तयारी असेल तरच याचा विचार करा. फक्त पोर्ट कमी पडतात म्हणून रिसीव्हर घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

डीव्हीआरचं प्रकरण वेगळं

डीव्हीआर सहसा टीव्हीजवळ नसतो. खाली दुकान आणि वर घर असेल तर मध्ये १०–१५ मीटर येतात. साधी एचडीएमआय वायर ४के ६० साठी ३ मीटरपर्यंत निर्धास्त, ५ मीटरला चांगल्या प्रतीची लागते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय वायर घ्या किंवा कॅट ६ (नेटवर्कच्या) वायरीवरचा एक्स्टेंडर. ऑप्टिकल वायरीला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’, दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. भिंतीच्या पाइपातून उलटी ओढलीत तर सगळी परत काढावी लागेल. साध्या एक्स्टेंडरची कॅट ६ वायर सलग हवी, मध्ये राउटर चालत नाही.

सांगलीत दुकान मार्केट यार्डात आणि घर विश्रामबागला असेल तर एचडीएमआयचा प्रश्नच नाही, कॅमेरे मोबाइल ॲपवर बघा.

स्विचवरून डीव्हीआर काळा दिसतोय? बऱ्याच डीव्हीआरना सुरू होतानाच टीव्ही ओळखायचा असतो. स्विचवर त्याचा नंबर निवडून ठेवा, मग डीव्हीआर बंद करून चालू करा. तरीही न दिसल्यास डीव्हीआरच्या डिस्प्ले मेनूत १९२० बाय १०८० निवडा.

जोडताना

आधी सगळं बोर्डावरून बंद करा, रिमोटनं नव्हे. सेट टॉप बॉक्सच्या मागच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, ती दोन पिनांच्या अ‍ॅडॉप्टरमधून झिरपणारी वीज असते. डबे चालू ठेवून एचडीएमआय खुपसली की तीच वीज वायरीतून वाट शोधते आणि पोर्ट जाऊ शकतो. केबलची काळी वायरही आधी काढून ठेवा.

मग डबे स्विचच्या ‘इन’ला, ‘आउट’मधून एक-दीड मीटरची वायर टीव्हीला. आधी स्विच, मग टीव्ही, शेवटी डबे असं चालू करा. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर नव्हे, स्वतःच्या अ‍ॅडॉप्टरवर लावा. साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअरच देतो आणि स्टिक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहते. ४के डबा ज्या पोर्टावर असेल त्याची सेटिंगही उघडावी लागते: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. ही बंद असेल तर महागडी वायर घेऊनही एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त खोल फरक दाखवणारं चित्र) दिसत नाही.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. चित्रात पांढरे ठिपके चमकले तर वायर कमकुवत किंवा लांब. ठरावीक ॲपमध्येच काळं झालं तर एचडीसीपी. सगळंच अधूनमधून गेलं तर वीज कमी पडतेय. शंका आली की डबा थेट टीव्हीला लावून बघा. तिथे नीट चाललं तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत.

मग कोणी काय घ्यावं

दोन पोर्टांचा टीव्ही, केबल, स्टिक आणि डीव्हीआर: स्टिक थेट टीव्हीला, बाकी दोन अ‍ॅडॉप्टरवाल्या स्विचवर. त्यात साउंडबार आला तर एआरसी पोर्ट त्याचा आणि तिन्ही डबे स्विचवर, अशा वेळी मात्र १८ जीबीपीएसचाच घ्या. किंवा टीव्हीला ऑप्टिकल आउट (फक्त आवाजाचा वेगळा पोर्ट) असेल तर साउंडबार त्यावर लावून एचडीएमआय वाचवा. साध्या स्टीरिओ साउंडबारला त्यानं फरक पडत नाही. प्लेस्टेशन ५ आणि १२० फ्रेमचा टीव्ही असेल तर तो पोर्ट राखून ठेवा, तिथे स्विच नको.

एप्रिल-मेच्या वळवात वीज कडाडायला लागली की केबलची किंवा डिशची वायर बॉक्समधून काढून ठेवा. गच्चीवरून आणि खांबांवरून आलेल्या या वायरीतून झटका सेट टॉप बॉक्समध्ये, तिथून स्विचमध्ये, तिथून टीव्हीत जातो. एका स्विचवर चार डबे म्हणजे झटक्याला चार वाटा. बोर्डाचं बटण बंद करून ही वायर सुटी होत नाही.

सांगलीत पुराचं पाणी येणाऱ्या गावभागात किंवा हरभट रोडच्या बाजूला तळमजल्यावर राहत असाल तर एक्स्टेंशन बोर्ड, स्विच आणि डीव्हीआर जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर उंच बसवा. वायरींच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहा (‘केबल–इन १’, ‘कॅमेरे–इन २’, ‘स्विच–टीव्ही २’) आणि मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की सामान वर हलवायला हात कमी आणि वेळ त्याहून कमी असतो. पाणी ओसरल्यावर तोच फोटो बघून घरातलं कोणीही सगळं जागच्या जागी परत जोडू शकतं.