लेहचं तिकीट हातात, पण विमानात जागा नाही

मे महिन्यात भुसावळ-जळगाव पंचेचाळीस अंशांवर तापलं की व्हॉट्सअ‍ॅपवर लेहच्या जाहिराती फिरू लागतात. विमानासकट पाच रात्री, निम्मे पैसे आत्ता, उरलेले निघण्याआधी. यावल तालुक्यातल्या एका कुटुंबाने केळीच्या पैशातून असे हप्ते भरले. सहा जण रेल्वेने दिल्लीला गेले, पहाटे विमानतळावर रांगेत उभे राहिले आणि काउंटरवर कळलं की तिकिटं बारा दिवसांपूर्वीच रद्द झालीत.

एजंटाने पाठवलेली तिकिटांची पीडीएफ खोटी नव्हती. पहिल्या हप्त्यात त्याने खरीच तिकिटं काढली होती. घरच्यांनी विमान कंपनीच्या साइटवर सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव टाकून पाहिलं, 'कन्फर्म्ड' आलं, निर्धास्त होऊन बाकी रक्कम दिली. मग एजंटाने तिकिटं रद्द केली. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले तिथेच येतो, म्हणजे त्याच्याच खात्यात. रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच गेला, कारण बुकिंगमध्ये मोबाइल नंबर त्याचा. तो नंबर पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेला होता.

म्हणून विमानाचं तिकीट कंपनीच्या साइटवरून, स्वतःच्या कार्डाने, स्वतःच काढा. एजंटाकडे फक्त हॉटेल आणि गाडी द्या. त्याच्याकडूनच काढायचं असेल तर बुकिंगमध्ये तुमचा मोबाइल आणि ईमेल हवाच. पीएनआर एकदा पाहून भागत नाही. बाकी रक्कम देण्याआधी पाहा, दिल्यावर दोन दिवसांनी पुन्हा पाहा आणि वेब चेक-इन सुरू होताच बोर्डिंग पास काढून घ्या. 'भाऊ, ग्रुप तिकीट आहे, नावं शेवटी चढतात' हे वाक्य अर्धं खरं आहे. ग्रुप बुकिंगमध्ये नावं उशिरा देता येतात, त्यामुळेच माणूस फसतो. नावं चढेपर्यंत बाकी रक्कम देऊ नका.

दुसरी लबाडी हवामानाच्या आडून होते. लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे. हवा विरळ, दुपारी दरीत वारा वाढतो, म्हणून विमानं बहुतेक सकाळीच ये-जा करतात. ऊन फार चढलं तर हवा आणखी विरळ होते; जुलै २०२४ च्या अखेरीस त्यामुळेच तिथली उड्डाणं रद्द झाली होती. अशा वेळी एजंट सांगतो, 'हवामानाचं कारण आहे, कंपनी पैसे देत नाही.' हे साफ खोटं. हवामानामुळे नुकसानभरपाई मिळत नाही, पण उड्डाण कंपनीनेच रद्द केलं तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे मिळतात. परतावा कधी आणि कुठे सोडला, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागा.

कार्यक्रमपत्रिकाही वाचा. दुसऱ्याच दिवशी 'खारदुंग ला' ही उंच खिंड लिहिलेली असेल तर हॉटेलच्या रात्री वाचवण्यासाठी तुमचा जीव पणाला लावलाय. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर, खारदुंग ला ५,३५९. विमानाने उतरल्यावर पहिले ४८ तास लेहमध्येच विश्रांती हवी. गाडीत ठेवलेल्या ऑक्सिजनच्या डब्यावर विसंबू नका; १० लिटरचा डबा मिनिटाला २ लिटरने पाच मिनिटांत संपतो. बसल्या जागी धाप लागली तर थेट लेहचं सोनम नोर्बू रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच चालतं. गाडी आलीच नाही तर फोन करायला निदान एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग पोलीस ठाण्यात जा. बँक स्टेटमेंटवरचा यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, एजंटाशी झालेले चॅट आणि तिकीट कोणत्या तारखेला रद्द झालं याचं कंपनीचं ईमेल सोबत न्या. त्या यावलच्या कुटुंबाला आधी ठाण्यात 'विमान चुकलं असेल' असंच ऐकावं लागलं होतं. रद्द झाल्याची तारीख कागदावर दाखवली तेव्हा तक्रार लिहून घेतली.