दिवाळीपासून व्हिगन कुकबुक वापरतेय: पुस्तक चांगलंय, पण काजू आवरा

मागच्या आठवड्यात मिक्सरचा कपलर (भांड्याखालची दातेरी चकती) गेला तेव्हाच ठरवलं की आता या पुस्तकाबद्दल लिहायचंच. खजूर, काजू आणि सुकं खोबरं एकत्र फिरवून वड्या करायच्या अशी रेसिपी आहे, फोटो बघून कोणालाही कराविशी वाटेल, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हाय-स्पीड ब्लेंडर वापरा. आमच्याकडे ५०० वॉटचा मिक्सर, घरोघरी असतो तोच. आधी बुडाचं लाल बटण ट्रिप झालं, ते दाबून परत चालू केला तर कपलरचे दातच गेले. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे मॅडम वॉरंटीत बसत नाही, खजूर वाटायला नाहीये हा मिक्सर. अहो, मग चिंच-खजुराची चटणी काय पाट्यावर करू का आता? भरपूर वाद घातला, उपयोग शून्य. शेवटी फुले मार्केटजवळच्या एका छोट्या दुकानातून कपलर आणला आणि आमच्या ह्यांनी घरीच बसवला (आटे उलटे असतात, लक्षात ठेवा), शंभराची नोटसुद्धा पूर्ण मोडली नाही. मोटर जळायच्या आधी तो तुटावा म्हणूनच तो प्लास्टिकचा असतो, हे पण त्या दुकानदारानेच सांगितलं.

असो, पुस्तकावर येते. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि दिवाळीत व्हिगन होऊन जळगावला आली, सोबत हे जाडजूड अमेरिकन पुस्तक. दूध नाही, तूप नाही, दही नाही, मध पण नाही. ती परत गेली, पुस्तक इथेच राहिलं, आणि ती सुट्टीत आल्यावर उपाशी राहू नये म्हणून मी त्यातलं करून बघायला लागले, ते आता सवयीचंच झालंय.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार, काजू. क्रीम पाहिजे? काजू भिजवा. चीज पाहिजे? काजू भिजवा. सूपला दाटपणा, सॅलडवरचं ड्रेसिंग, केकवरचं आयसिंग, सगळीकडे एक कप काजू, आणि हा कप म्हणजे आपला चहाचा कप नव्हे, त्यांचा २४० मिलीचा, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या वर काजू एका वेळी. आमच्या दुकानात काजू हजाराच्या घरात आणि शेंगदाणे दीडशेच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा. पास्त्याच्या एका सॉससाठी मी सव्वाशे रुपये मिक्सरमध्ये घालून फिरवले आणि वर चव आली ती काजू कतलीत मीठ पडल्यासारखी. सासूबाई धुळ्याकडच्या, त्या भांड्यात डोकावून म्हणाल्या, "काजूनं दूध? आनि आपला शेंगदाना कोठे गयात?" झालं, तिथून माझं पुस्तकाशी भांडण सुरू झालं आणि खरं सांगायचं तर तिथूनच ते पुस्तक मला उपयोगी पडायला लागलं.

कारण पद्धत बरोबर आहे, माल तेवढा महाग आहे. भिजवा, वाटा, गाळा, विरजा, हा जो क्रम दिलाय तो काजूऐवजी दाण्यांवर चालवला आणि दही लागलं. हो, दही! कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, सालं चोळून काढायची (हे काम कंटाळवाणं आहे पण करायचंच, नाहीतर दह्याला तपकिरी रंग आणि कडवटपणा येतो), थोडं थोडं पाणी घालत बारीक वाटायचं, एकूण पाणी दाण्यांच्या साधारण चौपट, मग फडक्यातून पिळून ते दूध दहाएक मिनिटं उकळायचं. उकळताना ढवळणं सोडायचं नाही, क्षणात बुडाला लागतं. कोमट झालं की विरजण. आता व्हिगन घरात पहिलं विरजण आणायचं कुठून, तर हिरव्या मिरच्या देठांसकट सात-आठ टाकायच्या आणि झाकून ठेवायचं. हे पुस्तकात नाही, त्यात प्रोबायोटिक (विरजणाच्या जिवाणूंची) कॅप्सूल फोडून घाला असं लिहिलंय. मिरच्यांवरचं पहिलं दही जरा सैल लागतं, पण त्यातलं चमचाभर घेऊन पुढचं लावलं की घट्ट. जानेवारीत भांडं ब्लँकेटमध्ये गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवावं लागलं, आणि मे महिन्यात जळगावच्या ऊन्हाबद्दल काय सांगू, दुपार व्हायच्या आत आंबट व्हायला लागतं, लगेच फ्रीजमध्ये टाका.

उरलेला चोथा फेकायचा नाही! लसूण-तिखट घालून परतला की सुकी चटणी होते, नाहीतर कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठात मळा, भाकरी मऊ राहते.

या दह्याची कढी आणि फुनके (डाळीचे वाफवलेले मुटके) केले त्या दिवशी माझं मत फिरलं. तोवर मी मनात दोन स्टार देऊन ठेवले होते. कढी फाटेल अशी भीती होती, फाटली नाही, उलट दाण्याचं दही गरम झालं की आपोआप दाट होतं त्यामुळे बेसन निम्म्यानेच घातलं. दाण्याचा वास थोडा येतो, नाही म्हणत नाही, पण लसूण-जिऱ्याची फोडणी आणि कढीपत्ता भरपूर टाकला की तो मागे पडतो. यांनी दोन वाट्या प्यायल्या आणि विचारलंसुद्धा नाही. सासूबाईंनी ओळखलं, पण वाटी पुढे केली.

आपल्याकडचे बरेच जण म्हणतील की खान्देशात व्हिगन पुस्तक कशाला, भरीत, ठेचा, कळण्याची भाकरी, शेवभाजी, पाटोडीची भाजी, उडदाची डाळ, यात दूध आहेच कुठे. मी पण आधी हेच म्हणायचे. वांग्याच्या बाबतीत तर ते खरंच आहे, पुस्तकात वांगं ओव्हनमध्ये २०० डिग्रीला पाऊण तास भाजायला सांगितलंय, ते वाचून कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजणाऱ्या माणसाला हसू येणारच, आपल्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय भाऊ. ते पान मी सरळ उलटते. पण बट्टीवरचं तूप, कढीतलं दही, पुरणपोळीसोबतचं दूध, सकाळचा चहा, अडतं ते इथे. भाजीसाठी हे पुस्तक घेऊच नका, दूध-दह्याच्या जागी काय घालायचं एवढ्यासाठी घ्या.

छोल्याच्या पाण्याचं प्रकरण मात्र भारी आहे. काबुली चणे शिजवलेलं पाणी थंड करून साखर घालून फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा पांढराशुभ्र फेस येतो. २०१४ मध्ये जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकाने हे असलं फेसाळणं लोकांसमोर आणलं म्हणे. विजेवरचा बीटर नसेल तर नादाला लागू नका, हात तुटतो.

आणि केळ्याचं आईस्क्रीम! पिकलेली केळी चकत्या करून फ्रीझरमध्ये कडक करायची आणि तशीच फिरवायची, बास, साखर पण नको. रावेरच्या मामांकडून अख्खा घड येतो आणि सगळा एकदम पिकतो, तेव्हा काय करायचं हा आमचा दरवर्षीचा प्रश्न सुटला. फक्त दोन मिनिटं बाहेर ठेवून मग फिरवा, नाहीतर कपलरची गोष्ट वर सांगितलीच आहे.

काजूबद्दल एवढं बोलले तर हेही सांगते, पांढऱ्या ग्रेव्हीत दाणे चालत नाहीत, रंगही मळका येतो आणि चवही दाण्याच्या आमटीकडे जाते. तिथे मूठभर काजू घालते, मूठभरच. चीजच्या चवीसाठी न्यूट्रिशनल यीस्ट नावाची पिवळी पूड लागते ती इथे दुकानात कोणाला माहीत नाही, ऑनलाईनचा भाव बघून मी लिंबू आणि चिमूटभर हळद यावर भागवलं, चीजसारखं लागत नाही पण वाईटही लागत नाही. बी-१२ साठी गोळी घ्याच असं पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, हे मला आवडलं, मुलीला पण रोज फोनवर विचारते घेतली का.

बाइंडिंग बेकार, दह्याचं पान सुटून आलंय, ते आता फ्रीजला चिकटवलंय.

चार स्टार. एक काजूचा कापला.

चहाचं मात्र अजून जमलेलं नाही. सोयाचं दूध आल्याच्या चहात फाटतं, दाण्याच्या दुधाचा चहा दाण्यासारखाच लागतो, काजूचा उकळला की खळीसारखा दाट होतो. कोणाला स्वस्तात जमला असेल तर सांगा, ओटच्या दुधाचं सांगू नका, तो डबा बघून आलेय मी दुकानात आणि जागेवर ठेवून पण आलेय.