मोरचूद, चुना आणि चौदा महिने : तेल्या लागलेल्या बागेतला अनुभव

सांगोला तालुक्यात आमची दीड एकर भगव्या जातीच्या डाळिंबाची बाग आहे. लागण १४ बाय १० फुटांवर, साडेचारशे झाडे, जमीन मुरमाड. मागच्या मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या बहारात, या बागेत तेल्या हा जिवाणूचा रोग असा शिरला की तोडणीच्या वेळी दर दहा क्रेटमागे सहा क्रेट फळे बांधावर ओतावी लागली. वरून लालभडक दिसणारे फळ हातात घेतले की खालच्या अंगाला काळा तेलकट डाग आणि त्यात इंग्रजी वाय अक्षरासारखी चीर. व्यापारी बागेत आला, दोन ओळी फिरला आणि चहा न घेताच गेला. आई त्या दिवशी जेवली नाही.

तिथून पुढचे चौदा महिने मी घरी बनवलेले बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचे निळे खडे) आणि चुन्याचे पाणी, वापरले. पावसाळा सरताना धरलेल्या हस्त बहाराची फळे मार्चअखेर उतरली, म्हणून आता लिहितोय. आमच्या भागात बोर्डोबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, जुनाट प्रकार आहे, काही होत नाही. दुसरा म्हणतो, फक्त बोर्डो मारा, तेल्या पळतो. माझ्या बागेत दोन्ही खरे ठरले नाही.

आधी मी काय करत होतो ते सांगतो. डाग दिसला की दुकानात जायचे आणि प्रतिजैविकाची पुडी व तांब्याचे बुरशीनाशक आणून फवारायचे. आठ दिवसांनी पुन्हा तेच. त्या पुडीतले स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचे औषध आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतला स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचा वापर थांबवण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तेव्हा पहिल्यांदा विचार केला की आपण झाडावर नक्की काय ओततोय. आणि एवढे ओतूनही पडलेला डाग कधी परत गेला नाही. तो जाणारही नसतो. जिवाणू एकदा फळाच्या सालीत शिरला की वरून मारलेले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. हे कळायला मला तीन बहार लागले.

हे सगळे नीट उलगडून सांगितले ते दाजींनी. माझी बहीण मावळात दिली आहे, तिच्या घरी इंद्रायणी भात असतो. भातावर जो कडा करपा येतो तो जिवाणू आणि आपल्या डाळिंबावरचा तेल्याचा जिवाणू एकाच कुळातले, झांथोमोनास. दाजींनी करप्याच्या पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरला. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार पाण्यात उतरायला लागली. ते म्हणाले, "हे सगळे जिवाणू. आता सांग, पानाच्या आत एवढे असताना तू बाहेरून काय मारणार?" करपा दिसला की ते युरियाचा हात आखडतात आणि रोगट खाचराचे पाणी खालच्या खाचरात जाऊ देत नाहीत. भाताला एक आधार आहे. सुधारित सांबा मसुरीसारख्या जातीत या करप्याला रोखणारी तीन जनुके संकराने आणली आहेत. आपल्या भगव्याला तसले कवच नाही, म्हणून सगळा भार स्वच्छतेवर आणि वेळेवर येतो.

केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरपासून जवळच. तिथल्या शिफारशी हाताशी ठेवून मी वर्ष आखले. फळे संपल्यावर फेब्रुवारीत रोगट फांद्यांची छाटणी, काडीवरच्या डागाच्या दोन इंच खालून. प्रत्येक झाडानंतर सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवायची. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी म्हणाल्या, "झाडाला बी हात धुवून शिवायचं का आता?" दुपारपर्यंत त्याच बाकीच्यांना टोकायला लागल्या. खाली पडलेली पाने, फळे, काड्या वेचून बागेबाहेर जाळल्या, झाडाखालच्या जमिनीवर ब्लीचिंग पावडरचे पाणी मारले, १००० लिटरला २५ किलो या हिशेबाने. खोडाला जमिनीपासून दोन फूट १० टक्के बोर्डो पेस्ट लावली. या कामाला बारा दिवस गेले आणि सगळ्यात जास्त मजुरी इथेच लागली. हात आखडू नये अशीही हीच जागा आहे, कारण जिवाणू उन्हाळाभर पडलेल्या पानात आणि काडीवरच्या जखमेत टिकून राहतो आणि पहिल्या वळवाच्या थेंबाबरोबर वर उडतो.

आता बोर्डो. एक टक्का म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. ऐकायला सोपे आहे, पण बनवण्यातच बहुतेकांचे चुकते. मोरचूद आदल्या रात्री फडक्यात बांधून प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये लटकवून ठेवायचे, सकाळपर्यंत आपोआप विरघळते. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे अजिबात नको. चुना वेगळ्या ड्रममध्ये थोड्या थोड्या पाण्याने विझवायचा, गार होऊ द्यायचा, गाळायचा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओतत ढवळायचे. रंग आकाशासारखा निळा आला पाहिजे. त्यात घासलेला विळा मिनिटभर बुडवून काढायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, चुन्याचे पाणी वाढवा. मी आता सोबत लिटमस कागदही ठेवतो. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवायचे, आणि त्यात दुसरे कुठलेही औषध मिसळायचे नाही.

जुलैत माझ्याकडून मोठी चूक झाली. फेब्रुवारीत फोडलेली चुन्याची गोणी पाच महिने शेडमध्ये उघडी होती. हवा लागून चुना मेला होता, हाताला पिठासारखा लागत होता. पावसाची उघडीप मिळाली म्हणून घाई केली, विळा बुडवून पाहिला नाही. तिसऱ्या दिवशी चार ओळींतल्या कोवळ्या फुटीची टोके जळाली. ती झाडे बहाराला दहा-बारा दिवस मागे पडली. तेव्हापासून चुना लागेल तेवढाच आणि ताजा आणतो.

एकूण आठ फवारण्या झाल्या, दर वेळी ६०० लिटर. छाटणीनंतर दोन, मिरगाच्या तोंडावर एक आणि पानगळीनंतर चौकी, म्हणजे फुलकळी, निघण्याआधी एक, या चार एक टक्क्याच्या. पावसाळ्यातल्या चार अर्ध्या टक्क्याच्या, कारण कोवळ्या पानाला एक टक्का सोसत नाही. पाऊस पडून गेल्यावर पाने सुकताच फवारणी, आणि तिथे एक दिवसाचा उशीरही महाग पडतो. बोर्डोचा गुण असा की एकदा वाळून बसला की पानावर टिकून राहतो, साध्या सरीने धुऊन जात नाही. त्रास म्हणजे नोझल तुंबते. दुहेरी फडक्याने गाळले तरी तासाभराने गन उघडावी लागायची. फवारणी झाली की पंप दोन पाण्यांनी धुवायचा, नाहीतर पितळी भाग खराब होतात. फळ पेरूएवढे झाल्यावर मात्र बोर्डो थांबवला, सालीवर निळे डाग राहतात. तिथून पुढे गरजेप्रमाणे दोनदा कॉपर हायड्रॉक्साइड घेतले.

फरक पडला का? पडला. मार्चच्या तोडणीत दर दहा क्रेटमागे एक क्रेटही डागी भरला नाही. पण हे सगळे बोर्डोच्या नावावर टाकणे खोटे होईल. मृग सोडून हस्त धरला हा त्यातला मोठा वाटा. तेल्याला २८ ते ३० अंशांची ऊब, दमट हवा आणि वाऱ्याबरोबर येणारा पाऊस लागतो, आणि मृगाचे फळ नेमके त्यात वाढते. हस्ताचे फळ थंडीत कोरड्या हवेत वाढते. हस्ताची किंमतही मोजावी लागते. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस असताना पाणी तोडून झाडाला द्यायचा ताण बसत नाही, आमची जमीन हलकी म्हणून निभावले. काळ्या जमिनीत हे अवघड आहे. आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाणी पुरवावे लागते. सांगोल्यात तेव्हा बोअर उसासे टाकत असते. शेततळे नसते तर मी हस्ताचे धाडस केले नसते.

बोर्डोचा वेगळा वाटा किती, हे मला एका योगायोगाने कळले. कडेच्या दोन ओळींना पाइप पुरत नव्हता, जुलै-ऑगस्टच्या फवारण्या तिथे राहून गेल्या. छाटणी, ब्लीचिंग, बहार सगळे सारखे. ऑक्टोबरात त्या ओळींच्या काड्यांवर पेरापाशी काळे डाग मोजायला बसलो तर झाडामागे चार-पाच सापडायचे, आतल्या ओळींत दोन झाडांमागे एखादा. त्या ओळी शेजारच्या सोडून दिलेल्या बागेला लागून आहेत, तेवढी तफावत त्या बागेमुळेही असेल. तरी एवढा फरक डोळ्यांनी पाहिल्यावर पावसाळ्यातली फवारणी मी चुकवणार नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आठ फवारण्यांत ३६ किलो मोरचूद गेले. मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते, म्हणजे दीड एकरात ९ किलो तांबे, हेक्टरी १५ किलो. युरोपात तांब्याला हेक्टरी ७ वर्षांत मिळून २८ किलोची मर्यादा आहे. मी एका वर्षात त्याच्या निम्म्याहून जास्त ओतले, आणि हायड्रॉक्साइड यात धरलेलेच नाही. तांबे जमिनीतून कुठे जात नाही, साचत राहते. आमच्या बागेत शेण घातल्यावर गांडुळे दिसतात, ती जाऊ नयेत. यंदा एक टक्क्याच्या दोनच फवारण्या ठेवणार, छाटणीनंतरची आणि पानगळीनंतरची. पावसाळ्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या चारही राहतील, फक्त पाऊस पाहून.

नवीन बाग लावणाऱ्याने गुटी कलम कुठल्या बागेतून आले ते स्वतः जाऊन पाहावे. रोग बहुतेक वेळा रोपाबरोबरच घरी येतो. आणि मर रोगावर किंवा खोडातल्या भुंगेऱ्यावर बोर्डोची फवारणी उपाय नाही. माझी सहा झाडे मरने गेली, ती मी तेल्यातच धरत होतो.

शेजारची बाग तीन वर्षे तशीच उभी आहे, मालक अण्णा कामाला पुण्यात. दर पावसाळ्यात तिथली डागी पाने वाऱ्याने आमच्याकडे येतात. गेल्या आठवड्यात त्यांना फोन केला, फोटो पाठवले. अण्णा म्हणाले, "मला यायला जमत नाही, तूच काढून टाक, लाकूड तुझं." ट्रॅक्टरवाल्याला रविवारचे सांगितले आहे. मिरगाआधी खोडे निघून तिथली जमीन मोकळी व्हायला हवी, आणि कडेच्या दोन ओळींसाठी शंभर फूट पाइप आणायचा आहे.